अकरा कान

दुष्काळाच्या साली कडूबा शहराला लागून असलेल्या पडेगावच्या नव्या प्लॉटिंगमध्ये पाइपलाइनचे चर खणायला लागला, तेव्हा त्याच्या हाताला टिकावाची सवय नव्हती. काठीची होती. जन्म मेंढरांमागं गेलेला. पण त्या साली प्यायला पाणी नव्हतं, म्हणून उरलेली अकरा मेंढरं त्यानं बायकोच्या चुलतभावाच्या, रामकिसनच्या कळपात गोदाकाठी चरायला धाडली होती.

चैत्रात रामकिसन एकटाच आला. "मेली सगळी, दाजी. रोग आला."

दुसऱ्याचं मेंढरू आपल्याकडं मेलं, तर त्याचा कान कापून मालकाला आणून द्यायचा, ही त्यांच्यातली रीत. कानावर ज्याच्या त्याच्या घराची खूण असते. कडूबाची खूण म्हणजे डाव्या कानाला दोन काप आणि टोक उडवलेलं.

"कान कुठं हायेत?"

"कुत्र्यांनी नेले."

कडूबानं जमातीपुढं तक्रार मांडली, तेव्हा बिरोबाच्या ठाण्यापुढं भंडारा उचलून रामकिसननं शपथ घेतली. शपथ झाली, विषय संपला. खोटा आळ घेतला म्हणून म्हाताऱ्या पंचांनी, तात्यासाहेबांनी कडूबाला रामकिसनच्या पाया पडायला लावलं. दाजी मेव्हण्याच्या पायावर. सगळी जमात बघत होती. बायको सत्यभामा त्या दिवशी जेवली नाही.

कडूबा शहरातच राहिला. दोन वर्षं चर खणले. तीन फूट म्हणजे तीन फूट, बोटभरही कमी नाही. कंबर गेली तसा औरंगपुऱ्यात व्यंकटरावांच्या मोबाइलच्या दुकानात झाडलोटीला लागला. बघून बघून मेमरी कार्डात गाणी भरायला शिकला, कार्ड फॉरमॅट करायला, म्हणजे पुसून कोरं करायला शिकला. व्यंकटरावांचा नियम पक्का होता: कार्डातलं सगळं आधी कॉम्प्युटरवर उतरवायचं, गिऱ्हाइकाला दोनदा विचारायचं, मगच पुसायचं. उतरवलेलं आठ दिवस ठेवायचं. लोक पुसून घेतात आणि दुसऱ्या दिवशी रडत येतात.

पुन्हा पाऊस नव्हता त्या साली एका दुपारी रामकिसन दुकानात आला.

"अगं बया! दाजी, मेंढरं सोडून आता उंदीर राखता व्हय?" कडूबाच्या हातातल्या माउसकडं बघून तो हसला. "कार्ड भरलंय. समदं साफ करा आन् लग्नाची गाणी टाका. घरचंच काम हाय."

कडूबानं कार्ड लावलं. नियमाप्रमाणं उतरवायला घेतलं. फोटोंच्या रांगा पडद्यावर चढू लागल्या. रामकिसन नव्या गाडीवर. रामकिसन फेटा बांधून. मग कळप. डाव्या कानाला दोन काप, टोक उडवलेलं. कडूबानं मोजली. अकरा. फोटोची तारीख बघितली. शपथेनंतरची दिवाळी.

त्यानं सगळं उतरू दिलं.

"रामकिसन, समदं पुसायचं ना?"

"व्हय की."

"पुन्हा इचारतो. लागायचं काही नाय ना यातलं?"

"एक बी ठेवू नका, दाजी. लई जुनं हाय."

पडद्यावर झटपट पुसायच्या पर्यायापुढची टिक कडूबानं काढून टाकली. पूर्ण फॉरमॅट लावलं, म्हणजे कार्डातून पुन्हा काही निघायला नको. अर्धा तास गेला. त्यानं रामकिसनला चहा पाजला, गाणी भरली, कार्ड हातात दिलं.

चैत्रात जमात पुन्हा ठाण्यापुढं बसली. कडूबानं पिशवीतून त्या उतरवलेल्या फोटोंचे छापलेले कागद काढले आणि तात्यासाहेबांपुढं एकेक मांडले. एका कागदावर एक कान, तळहाताएवढा, खाली तारीख.

"तुम्ही कान मागितले नव्हते तात्यासाहेब, म्या मागितले होते. उशिरा आले. मोजून घ्या."

"कागदाचे कान!" रामकिसन हसायला गेला.

कुणी हसलं नाही. तात्यासाहेबांनी अकराही कागद डोळ्यांजवळ नेऊन बघितले. तारीख शेजाऱ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग भंडाऱ्याचं ताट रामकिसनपुढं सरकवलं. "उचल परत."

रामकिसनचा हात ताटापर्यंत गेला आणि थांबला.

"मग पाया पड दाजीच्या," म्हातारा म्हणाला.

पाया पडायला कुणी वाकलं की माणूस पाय मागं घेतो, 'असू दे' म्हणतो, खांद्याला धरून उठवतो. कडूबा मात्र पाय पुढं करून उभा राहिला, आणि सगळ्यांचं बघून होईपर्यंत त्यानं रामकिसनला उठवलं नाही.