पैदल ड्रायव्हर

"उतर बे, नाका आला."

मी उतरलो. इंजिन चालू ठेवून उतरायचं, हे ठरलेलं होतं. पाटील पुढे, शेजारच्या सीटवर बसलेलाच असायचा. मग पाटलाचा मुलगा मागच्या सीटवरून खाली यायचा. माझ्या सीटवर अंथरलेलं गोणपाट दोन बोटांनी उचलून डिक्कीत टाकायचा आणि स्टेअरिंगवर बसायचा. लायसन त्याच्याजवळ होतं. गाडी चालवत होतो मी. दवनीवाड्याकडच्या आमच्या गावापासून गोंदियापर्यंत. सहा वर्षं.

तो पुढे आला की मागची त्याची जागा रिकामी व्हायची. त्या जागेवर मी बसायचं नाही. गाडी नाक्यातून निघून जायची, मागून मी पायी. नाक्याच्या पुढे बाभळीखाली गाडी थांबलेली असायची. गोणपाट परत सीटवर. मी परत स्टेअरिंगवर.

मे महिन्यात एकदा विचारलं होतं. डांबर चपलेला चिकटत होतं. म्हटलं, मागं जागा आहे, बसू का? मागे पाटलाची आई बसली होती. तिनं मांडीवरची डब्याची पिशवी उचलली आणि रिकाम्या जागेवर ठेवली. पिशवी बसून गेली. मी चालत गेलो.

नाक्यावरच्या पोलिसाला सगळं ठाऊक होतं. मला येताना पाहून तो सोबत्याला म्हणायचा, "आ गया पैदल ड्रायव्हर." आणि मी हसायचो. हे लिहायला नको वाटतं, तरी लिहितो. मी हसायचो.

याच काळात मी पत्रकं लिहीत होतो. विहारात आमचं तरुणांचं मंडळ होतं. तेंदूपत्त्याची मजुरी, वसतिगृहातलं किडकं धान्य, स्वाभिमान. स्वाभिमान हा शब्द तर मी दर पत्रकात जाड अक्षरात छापून घ्यायचो. दुसऱ्याच्या अपमानावर पत्रक लिहायला काय लागतं? एक कागद.

लायसनचा विषय पाटलाजवळ दोनदा काढला. दोन्ही वेळा एकच उत्तर. "तुले लायसन कायले पाहिजे? आमी हाओ ना." यात माया नव्हती. बिनलायसनचा ड्रायव्हर दुसऱ्या गाडीवर जात नाही. बैलाला बांधायला दावं लागतं. मला बांधायला एक कागद नसणं पुरत होतं.

मग कळलं की लर्निंगचा अर्ज ऑनलाइन भरतात, परीक्षा कम्प्युटरवर होते, आणि तिचा सराव मोबाइलवर करता येतो. विहाराच्या ओट्यावर बसून सराव सुरू केला. सहा वर्षं गाडी हाकलेला माणूस मी, मला काय विचारणार, असा तोरा होता. चौथ्या प्रश्नात चित्र होतं. पायी चालणारा माणूस पांढऱ्या पट्ट्यांवरून रस्ता ओलांडतो आहे. चालकाने काय करावे? मी विचारही केला नाही. दाबलं, हॉर्न वाजवून पुढे जावे.

लाल अक्षरात आलं, चूक. खाली बरोबर उत्तर. गाडी थांबवावी, पायी चालणाऱ्याला आधी जाऊ द्यावे.

मोबाइल पालथा ठेवला. नाक्यावर पायी चालणारा मी. आणि उत्तर दिलं होतं पाटलाचं. त्याचा हॉर्न माझ्या बोटात शिरला होता. इतक्या सभा केल्या, इतकी भाषणं ऐकली, हे मला कोणी दाखवलं नव्हतं. सरकारी परीक्षेच्या एका चित्रानं दाखवलं.

परीक्षा पास झालो. लर्निंगचा कागद हातात आला. शिकाऊ चालकाशेजारी लायसनवाला हवा आणि गाडीवर लाल एल हवा, नियम पाठ होता. पांढऱ्या कागदावर लाल एल काढून मी काचेवर चिकटवला. मुलानं फाडला. "आमची गाडी काय शाळा हाये काय बे?" मी दुसरा काढून खिशात ठेवला.

दोन दिवसांनी गोंदियाला निघालो. त्या दिवशी मुलगा पुढे, माझ्या शेजारी बसला होता, म्हणजे लायसनवाला शेजारी होता. पाटील मागे, आईजवळ. नाका दिसला.

"उतर बे," मुलगा म्हणाला.

"नाई उतरत."

"काऊन?"

"कागद हाये माह्याजवळ."

गाडी सरळ पोलिसापुढे नेऊन उभी केली. त्यानं कागद पाहिला, मला पाहिलं, मागे पाटलाला पाहिलं. या वेळी हसला नाही. मला वाटलं, जिंकलो.

"एल किधर है?" त्यानं विचारलं.

खिशातला काढून दाखवला. खिशातला एल चालत नाही. त्यानं दंडाची पावती फाडून पाटलाच्या हातात दिली. कायद्यानं तो बरोबरच होता. सहा वर्षं बिनलायसनचा मी त्याच्या डोळ्यांपुढून चालत गेलो, तेव्हा कायदा कुठं गेला होता कोण जाणे. त्या दिवशी आला.

बाभळीखाली पाटलानं गाडी थांबवायला लावली. आवाज चढवला नाही. "उतर आता. चालवणं तुहं काम, बसणं आमचं. इतकं समजलं नाई तुले." माझ्यामागे गोणपाट रस्त्यावर येऊन पडलं. मी ते उचललं नाही. तिथून गावापर्यंत पायी आलो.

पक्क्या लायसनच्या चाचणीला गाडी आपणच न्यावी लागते. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी परवडणारी नव्हती. गावात पाटलाची सोडून चारचाक्या पाच. पाचही दारांत जाऊन आलो. माझ्याआधी बातमी पोचली होती. लर्निंगची सहा महिन्यांची मुदत खिशातच संपली.

दुसरं लर्निंग काढलं. रविवारी विहारात सात जण यायला लागले. सगळे कोणाच्या तरी गाडीवर, कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर, सगळे बिनलायसनचे. मोबाइल एक. पहिला प्रश्न मी तोच काढला, पांढऱ्या पट्ट्यांचा. सातही जणांनी हॉर्न दाबला.

मागच्या आठवड्यात त्यातल्या एकाला मालकानं घरी बसवलं. या रविवारी तिघंच आले. न आलेल्यांचा राग आला. मग आठवलं, मीही सहा वर्षं हसलो होतो.

गाडी अजून मिळालेली नाही. मिळेल असं वाटतही नाही. दुसऱ्या लर्निंगचे अकरा दिवस उरले आहेत. संपलं की तिसरं काढीन, आणि रविवारी एकटाच उरलो तरी ओट्यावर मोबाइल घेऊन बसेन. तोवर पायी फिरतो. पण कोणाचा नाका आला म्हणून गाडीतून उतरून चालणं, ते संपलं.