धवल्यांची मूळ प्रत

नागावात रेवदंड्याच्या रस्त्याला जीवन म्हात्रेचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. होमस्टेवाल्यांचं वायफाय, अडकलेले प्रिंटर, पाणी गेलेले लॅपटॉप, सगळं त्याच्याकडे येतं. काम तो नीट करतो, पण त्याचा जीव रमतो निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टिम चालवून बघण्यात. त्यासाठी वेगळे कॉम्प्युटर लागत नाहीत. एकाच कॉम्प्युटरच्या पोटात व्हर्च्युअल मशीन तयार करायचं, म्हणजे पडद्यावरच्या एका चौकटीत दुसराच कॉम्प्युटर सुरू होतो. त्यात लिनक्स घाला, जुनी विंडोज घाला. बिघडलं तर पुसून टाका, खऱ्या कॉम्प्युटरला धक्का लागत नाही. त्याची बायको अमिषा म्हणायची, "लोक मासळी बाजारात नुसतं बघत फिरतात, तसं तुमचं. टोपलीत काही पडत नाही."

या नादापायीच दयाराम गुरुजी त्याच्याकडे आले. गुरुजी पोयनाडकडचे, खाडीकाठच्या खारेपाटातले. जीवनला त्यांनी चौथीत शिकवलं होतं. आगरी लग्नात एकेका विधीला धवलारीण जी लांबच लांब गाणी म्हणते ते धवले गुरुजींनी भागुबाईच्या तोंडून उतरवून घेतले होते. भागुबाई त्यांच्याच गावची. अक्षरओळख नाही, पण शेकडो धवले पाठ. निवृत्त झाल्यावर गुरुजींनी एका बोटाने टाइप करत दोनशे चौदा धवले कॉम्प्युटरवर घातले. पुढे एकदा खाडीचं पाणी अडवणारा बांध, बाहेरकाठा, फुटून उधाणाचं पाणी घरात शिरलं आणि वह्यांचा लगदा झाला. कॉम्प्युटर टेबलावर होता म्हणून वाचला. मग तोही एक दिवस सुरू होईना.

"यातलं काय निघंल का रे, जीवन?" गुरुजींनी विचारलं.

जीवनने जुन्या डिस्कची सगळीच्या सगळी प्रत काढली आणि ती व्हर्च्युअल मशीनमध्ये चढवली. चौकटीत जुनी विंडोज उभी राहिली, तिच्यातला जुना मराठी टायपिंगचा प्रोग्रामही उघडला. तीच फाइल नव्या विंडोजमध्ये उघडली की नुसती वेडीवाकडी चिन्हं दिसत. इथे मात्र शब्द न् शब्द लागत होता. गुरुजींनी पहिला धवला वाचला, चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले.

"महिन्याभरात नव्या फॉन्टमध्ये करून छापून देतो," जीवन म्हणाला. "ती जुनी डिस्क आता भंगारात द्या. आज हाय, उद्या न्हाय."

गुरुजींनी दिली.

महिन्याचं दीड वर्ष झालं. काम तसं कंटाळवाणं होतं, एकेक ओळ बघून नव्याने लिहायची. त्यापेक्षा नवी सिस्टिम लावून बघण्यात मजा होती. माघात एक नवीन लिनक्स आलं आणि ते लावायला डिस्कवर जागा पुरेना. यादीत गुरुजींची दोन मशीनं दिसत होती. एक मूळ, आणि एक खटपटी करायला म्हणून त्याने काढलेली नक्कल. नक्कल आहेच, असं म्हणून त्याने मुळाचं फोल्डर कायमचं पुसलं. दुपारी सहज नक्कल सुरू केली, तर ती उठेना. तेव्हा त्याच्या लक्षात आलं. नक्कल पुरी नव्हतीच. जागा वाचवायला त्याने जो प्रकार निवडला होता, त्यात फक्त नंतरचे बदल साठतात. बाकी सगळं ती मुळातूनच वाचते. मूळच गेलं होतं. त्याने पुसलेल्या फायली शोधणारे प्रोग्राम चालवले, पनवेलला एका जाणत्याकडे डिस्क नेली. तो म्हणाला, या नव्या प्रकारच्या डिस्कवरचं पुसलेलं सहसा हाती लागत नाही. लागलंही नाही.

शिमग्याला गुरुजींचा फोन आला. "झालं का रे? भागू विचारत होती. आवाज बसलाय तिचा, पण शब्द पक्के हायेत अजून."

"चालू हाय, गुरुजी."

अमिषा ऐकत होती. "सांगून टाका," ती म्हणाली. "म्हातारी हाय तोवर परत लिहून घेता येईल."

"बघतो," जीवन म्हणाला. रोज सकाळी तो ठरवी, आज सांगायचं. रोज गुरुजींचा तो चष्मा डोळ्यांपुढे येई.

मे महिन्यात चुलतभावाच्या हळदीला तो खारेपाटात गेला. मांडवात भागुबाई बसली होती, शेजारी तिची नेहमीची साथीदारीण जनी. भागुबाई एक कडवं म्हणे, जनी मागून झेली. जीवन चार हातांवर उभा होता, खिशात फोन होता. नुसता बाहेर काढून धरायचा अवकाश होता. पण समोरच्या खुर्चीत गुरुजी होते. आता कशाला रेकॉर्ड करतोस, सगळं आहे ना तुझ्याकडे, असं त्यांनी विचारलं असतं तर? जीवनने हात खिशाबाहेर काढलाच नाही.

आषाढात भागुबाई गेली.

तिचं तेरावं झाल्यावर जीवन गुरुजींच्या घरी गेला आणि ओटीवर बसून सगळं सांगितलं, माघापासूनचं.

"पुसलं गेलं त्याचं काय न्हाय," गुरुजी म्हणाले. "माझ्याबी वह्या गेल्याच की पाण्यात. पण शिमग्याला बोलला असतास, तर आपण दोघं भागूकडं जाऊन बसलो असतो. चार महिने होते रे आपल्याकडं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं जीवनला वाटलं.

दोघं जनीकडे गेले. तिने मनापासून आठवलं, चार दुपारी आठवलं. "भागी सांगायची न मी मागून बोलायची," ती म्हणाली. "पुढचा मना न्हाय येत." एकोणीस धवले मिळाले, त्यांतले सात अर्धवट. जीवनने ते त्याच आठवड्यात लिहून, छापून गुरुजींच्या हातात दिले. ओळी तुटल्या होत्या तिथे कागद कोरा सोडला होता.

गुरुजी अजून पोयनाडच्या बाजारात भेटतात. अमिषाची चौकशी करतात, दुकान कसं चाललंय विचारतात, वालाच्या शेंगा घेतल्या असतील तर मूठभर त्याच्या पिशवीत घालतात. धवल्यांचं नाव काढत नाहीत. जीवन मात्र दर वेळी वाट बघतो, आज तरी ते काही बोलतील म्हणून.