वेलीच्या चोरीची चौकशी

कप खाली ठेवा आणि मगच ऐका. हसताना चहा सतरंजीवर सांडला तर बोलणी मला बसतील. गाढवपणा आयुष्यात पुष्कळ केला हो, पण असा एकदाच. आणि तोही एका कुंपणापायी!

जबलपुरात राइट टाउनातलं आमचं घर तुम्ही पाहिलंय. मागचं अंगण छान, पण कुंपण? डांबराची रिकामी पिंपं कापून, ठोकून उभे केलेले पत्रे. गंजलेले, वर काळे ओघळ. कोणी ठोकले? मीच. गणिताच्या मास्तरानं ठोकलेले, पण एक ओळ सरळ असेल तर शपथ!

इतकी वर्षं ते कोणाला खुपले नाहीत. मग आमच्या रश्मीचं लग्न ठरलं आणि पोरगी म्हणाली, "बाबा, साक्षगंध हॉलमध्ये नको ना. अपने आँगन में करेंगे. मी इथंच तर खेळली."

एकुलती एक पोर, दुसरं काही मागितलं नाही तिनं. मला भरून आलं. बायकोला मात्र पत्रे आठवले.

"नागपूरचे पाहुणे काय हे डबडे पाहतीन? पटकन वाढणारी एखादी वेल लावा, अवो!"

साक्षगंध, आपला साखरपुडा हो, तुळशीच्या लग्नानंतर. म्हणजे हातात पावसाळा तेवढा. मी लगेच मधुमालती आणली. पण तिथं आमचा फणस, त्याच्याखाली ऊन औषधालाही नाही. मधुमालती रुसून बसली. कृष्णकमळाला चार पानं आली आणि तीन गळाली. शेवटी नर्सरीवाला म्हणाला, "बाबूजी, इतनी छाँव में तो मनीप्लांट ही चढ़ेगा. ले जाओ."

मी खिशात हात घातला, तर बायकोनं तो धरला. "विकतचा मनीप्लांट लागते काय कधी? तो चोरूनच आणावा लागते!"

हे तुम्हालाही माहीत आहे, उगाच भोळे चेहरे करू नका. तुमच्या खिडकीतला कुठून आला, विचारू का?

पण मी मास्तर! जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडलेल्या. चोरी करणार नाही, असं ठणकावून सांगितलं.

"मग पाहुणे आले का तुम्हीच पत्र्यापुढं हात पसरून उभे राहा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी कातर घेऊन निघालो.

शेजारी चौरसियाजी राहतात. त्यांचा पानठेला आहे, दुपारी ते तिकडेच असतात. त्यांच्या बाजूच्या भिंतीला, अगदी सावलीत, हिरवीगार वेल चढलेली. चष्मा मी मुद्दाम घरी ठेवला होता, कारण चष्म्यामुळं मी लांबून ओळखू येतो. काय डोकं, नाही? पंधरा-वीस कांड्या कापल्या, पिशवीत कोंबल्या आणि घरी येऊन पत्र्यालगत लावूनही टाकल्या.

सकाळी चौरसियाजी फाटकात उभे. चेहरा उतरलेला.

"मास्साब, कोई मेरी पान की बेल काट ले गया!"

पान? मी तर मनीप्लांट चोरला होता!

"पिताजी गाँव से लाए थे. उनके हाथ की लगाई है," ते म्हणाले.

मला खरंच लाज वाटली. कबूल करायला तोंडही उघडलं. पण तोवर अर्धी गल्ली गोळा झाली होती, आणि चौरसियाजी सगळ्यांपुढं म्हणाले, "इस गली में ईमानदार आदमी एक ही है. जाँच मास्साब करेंगे!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! आता उघडलेल्या तोंडाचं काय करायचं? मी जांभई दिली.

कांड्या उपटून परत द्याव्यात, तर त्या मरणार. आणि रश्मीचं अंगण? मी वही घेऊन चौकशीला लागलो. पहिला संशय दूधवाल्याच्या बकरीवर घेतला.

"बकरी कैंची रखती है क्या, मास्साब?" चौरसियाजींनी शांतपणे विचारलं.

मग गल्लीच्या तोंडाशी पाटी लावली, 'पौधे चुराना पाप है'. अक्षर माझंच. भाजी आणायला जाताना वाचायचं, येताना वाचायचं. चौरसियाजी भेटले की विचारत, "जाँच कहाँ तक पहुँची?"

"चोर पास ही है," मी म्हणायचो. यात खोटं काय होतं, सांगा!

इकडे वेल काय माजली! श्रावणात गुडघ्याला, भादव्यात कमरेला. एक दिवस बायको माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "अवो, ह्या मनीप्लांटचे पानं खायच्या पानावाणी काहून दिसून राहिले?"

"सावलीत त्याच्यावर पिवळे पट्टे येत नाहीत," मी ठोकून दिलं. मास्तर चुकत असला की फार ठामपणे बोलतो.

साक्षगंधाच्या दिवशी एक पत्रा दिसेल तर शपथ. अंगण असं सजलं की रश्मीच्या चेहऱ्यावरून नजर हटेना. बायकोनं चौरसियाजींनाही बोलावलेलं. मी त्यांची खुर्ची कुंपणाकडे पाठ करून मांडली. पाहुण्यांचं सोडून दोनदा तीच खुर्ची सरळ केली.

विड्याची वेळ झाली. विहीणबाई उठल्या त्या थेट कुंपणाशी. एक पान तोडलं, चुरगळून हुंगलं.

"अवो माय! हे तं खायचं पान आहे! कुठून आणली जी वेल?"

सगळं अंगण माझ्याकडे बघतंय. रश्मी बघतेय. पोरीचं साक्षगंध माझ्यापायी मोडतं की काय! पण चौरसियाजींच्या समोर आणखी एक खोटं बोलवेना. मी हात जोडले.

"चौरसियाजींच्या घरून. चोरून. चोर मैं ही हूँ."

चौरसियाजी उठले. "वो तो मुझे उसी शाम मालूम था, मास्साब."

"उसी शाम? कैसे?"

"चोर बेल काट ले गया, और बची हुई में बाल्टी भर पानी डाल गया. ऐसा चोर पूरे जबलपुर में एक ही है!"

खरंच हो! आमच्या घरची शिस्तच तशी, झाडाला हात लावला की पाणी घालायचं. हात आपोआप नळाकडे गेला असणार.

"फिर जाँच मुझे क्यों दी?"

"किसी और को देता तो वो पहले आपका आँगन देखता." त्यांनी रश्मीच्या डोक्यावर हात ठेवला. "बिटिया की बेल अधूरी रह जाती."

मला रडू आलं. त्यांचे दोन्ही हात धरून मी म्हणालो, "जो सज़ा दोगे, मंज़ूर."

"सज़ा क्या, मेरे घुटने दुखते हैं. पानी डालने रोज़ आ जाया करो."

सगळे पोट धरून हसले, सर्वांत मोठ्यानं व्याही. साक्षगंध थाटात झालं, पोर सुखानं नांदते आहे. मी रोज सकाळी बादली घेऊन शेजारी जातो. आणि नागपूरहून व्याह्यांचा फोन आला की ते आधी रश्मीची खुशाली सांगतात, मग आवाज चढवून विचारतात, "काय जी, चोरानं आज पाणी घातलं काय?"

मी म्हणतो, "हो जी, घातलं."