नवसाचा दाण्याचा लाडू

मला लहानपणापासून शेंगदाणा चालत नाही. ओठ सुजतात, घसा आवळतो, श्वास पुरत नाही. कर्जतच्या डॉक्टरांनी त्याला अ‍ॅलर्जी म्हणतात असं सांगितलं होतं, पण सत्तर सालाच्या आसपास सासरी तो शब्द कुणाच्या पचनी पडेना. "दाण्यानं कधी कोणी मेलंय का गं?" असं सासूबाई हसत विचारायच्या. त्यांचा माझ्यावर जीव होता. म्हणूनच त्या महडच्या गणपतीला नवस बोलल्या, सुनेला बरं कर, तुझ्यापुढे ठेवलेला दाण्याचा पहिला लाडू तिलाच खाऊ घालीन.

वर्षभर मला त्रास झाला नाही, कारण मी दाण्याला शिवलेच नव्हते. सासूबाईंनी मात्र देव पावला असं धरलं. संकष्टीला आम्ही दोघी महडला गेलो. लाडूंचा नैवेद्य झाला आणि टांगेवाला घाई करू लागला, म्हणून प्रसाद पुडीत बांधून तसाच घेतला.

खोपोलीहून कर्जतची गाडी सुटली. दुपारची वेळ, डबा जवळजवळ रिकामा. सासूबाईंनी पुडी सोडली आणि एक लाडू माझ्या हातावर ठेवला. प्रसाद नाकारायचा कसा? आणि खाल्ला तर मधल्या स्टेशनांवर डॉक्टर कुठला? मी फार घाबरले होते. डोळे मिटून एवढंच म्हटलं, बाप्पा, मला काही सुचत नाही, आता तूच बघ.

लौजीला एक म्हातारी रिकामी पाटी घेऊन चढली होती, ती समोरच बसली होती. माझ्याकडे जरा वेळ बघून ती सासूबाईंना म्हणाली, "बाय, एक लाडू मला द्याल का? सकाळपासून पोटात काय नाय."

"देते की. पण आधी हिला खाऊ दे, नवसाचा आहे."

"मंग तिच्या हातातलाच द्या ना. देवाचा हाय म्हंता, कुनी खाल्ला तरी त्यालाच पोचल."

संकष्टीच्या दिवशी, दर्शन घेऊन येताना, भुकेल्या माणसाला नाही कसं म्हणणार? सासूबाई म्हणाल्या, "दे गं तिला." म्हातारीनं लाडू तिथंच खाल्ला, पदराला हात पुसले आणि केळवलीला उतरून गेली.

तेवढ्यात सासूबाईंचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. लाडू धरलेल्या तळहातावर लालबुंद गांधी उठल्या होत्या. त्यांनी माझा हात आपल्या मांडीवर घेतला, बाटलीतलं पाणी ओतून पुन्हा पुन्हा धुतला. "हे घशात उठलं असतं गं," एवढंच म्हणाल्या, आणि पळसदरी गेली तरी त्यांनी माझा हात सोडला नाही.

म्हातारीला खरंच भूक लागली होती की तिनं माझा चेहरा वाचला, मला माहीत नाही. मी त्याचा फार खल करत नाही. सगळं देवावर सोडायचं म्हणजे डोळे मिटून लाडू गिळायचा, असं मला तेव्हा वाटत होतं. त्यानं तर तो माझ्या हातातून काढूनच घेतला. त्याचे उपकार मी विसरलेले नाही.

पुढे सासूबाई होत्या तोवर आम्ही कुठंही निघालो, एसटीनं किंवा गाडीनं, की माझ्यासाठी घरची भाकरी त्या स्वतः बांधून घ्यायच्या. आणि कुणी काही खायला पुढे केलं, की मी तोंड उघडायच्या आत त्यांचा आवाज यायचा, "दाणा आहे का हो यात? माझ्या सुनेला चालत नाही."