विझू द्यायचा विस्तव

शरददादांच्या घरून मीनावहिनींचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातून घरी यायला एस-बानची, म्हणजे इथल्या लोकलची, वाट पाहत उभा होतो. "हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. सकाळी बागेतली पानं गोळा केली, आत येऊन खुर्चीत बसले, चहा मागितला, आणि त्या चहा घेऊन येईपर्यंत... पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. समोर आलेली गाडी सोडून दिली आणि दुसऱ्या फलाटावरून त्यांच्या घराकडे निघालो. त्याला आता काही आठवडे झाले. थंडी चांगलीच पडली आहे, आणि शरददादांबद्दल लिहायला बसलं की मला आधी आग आठवते.

दादा डॉक्टरेट करायला तरुणपणी जर्मनीत आले ते इथलेच झाले. एका मोटार कंपनीत इंजिनातला धूर गाडीबाहेर कसा सोडायचा, यावर त्यांनी आयुष्यभर काम केलं. "माझा व्यवसाय धुराचा," असं ते ओळख करून देताना गंभीर चेहऱ्यानं सांगत. आमची ओळख मात्र पुस्तकांमुळे झाली. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत जुनी मराठी पुस्तकं मांडलेली होती, आणि एकाच पुस्तकावर आम्हा दोघांचा हात पडला. "तुम्ही आधी वाचा, पण परत द्यायला घरी या," ते म्हणाले. त्यांचं घर ब्योब्लिंगेन गावाच्या कडेला, जंगलाला लागून. पुस्तक परत द्यायला गेलो त्या संध्याकाळी त्यांच्या दिवाणखान्यातली शेकोटी पेटली होती. आमच्यात वीस वर्षांचं अंतर होतं, पण तिथून पुढे ते कधी जाणवलं नाही.

आम्ही घर घेतलं तेव्हा त्यात एक जुनी शेकोटी होती, आणि तिच्या पोकळीत काचेचं दार असलेली लोखंडी पेटी बसवलेली होती. जर्मन लोक तिला कामिनआइनझाट्स म्हणतात. ती वापरायची कशी, हे दादांनी शिकवलं. लाकूड बीचचं, दोन उन्हाळे वाळलेलं. जाड ओंडके खाली, बारीक काटक्या वर, आणि जाळ वरून खाली उतरू द्यायचा, म्हणजे धूर कमी. दाराखालच्या दांडीनं हवा कमी-जास्त होते, ती पेटवताना पूर्ण उघडी. काच काळी झाली की वर्तमानपत्राचा ओला कागद थंड राखेत बुडवून पुसायची. हे दाखवत असताना माझी आई, पाटणजवळच्या आमच्या गावाहून नुकतीच कायमची आमच्याकडे राहायला आलेली, मागून म्हणाली, "शरदराव, मी जन्मभर भांडी कशानं घासली असतील?" दादांनी तो कागद तिच्या हातात दिला आणि बाजूला झाले.

तेव्हापासून शेकोटी आईची झाली. या देशात तिला दुसरं काहीच तिचं नव्हतं. भाषा नाही, शेजार नाही, बाहेर बर्फ. मी आणि माझी बायको अनघा दिवसभर कामावर. पण सकाळी उठून लाकडं रचायची, पेटवायची, जाळाकडे बघत जप करायचा, यात तिचा दिवस उभा राहायचा. मला वाटलं, चला, आई रुळली.

आणि मग ती दुपार आली. गावाकडच्या सवयीनं आईनं निखाऱ्यांवर राख ओढली, हवेची दांडी बंद केली, म्हणजे संध्याकाळपर्यंत विस्तव धगधगत राहील. आमटीला फोडणी घातली, ओट्यावरचा एक्झॉस्ट लावला, थंडी येते म्हणून खिडक्या घट्ट लावल्या. दादा बागेतली सफरचंदं द्यायला आले होते. दाराबाहेरच त्यांना गॅसच्या अलार्मची शिटी ऐकू आली. तो अलार्म त्यांनीच आमच्या भिंतीवर लावला होता. दार उघडायला आई भिंत धरत आली. "ते कपड्यांचं मशीन मघापासून ओरडतंय," ती म्हणाली, "आणि माझं डोकं इतकं जड का झालंय?" दादांनी तिला तशीच बाहेर काढली, आपला कोट तिच्या अंगावर घातला आणि फोन करून मदत बोलावली. रात्रभर ऑक्सिजनवर ठेवून डॉक्टरांनी तिला घरी सोडलं. आणखी तासभर उशीर झाला असता तर... डॉक्टरांनीही ते वाक्य तिथेच सोडलं होतं.

अनघा म्हणाली, शेकोटी बंद करून टाकू. मलाही तेच वाटत होतं. आई सकाळी उशिरा उठू लागली, आणि एकदा सहज विचारल्यासारखं म्हणाली, "गावाकडची तिकिटं आता महाग असतील ना?"

दादांना हे सांगितलं तेव्हा ते रविवारी आले आणि शेकोटीसमोर स्टूल ओढून आईला शेजारी बसवलं.

"मावशी, तुमच्या चुलीला दार होतं?"

"चुलीला कसलं दार?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. वर कौलं होती, धूर निघून जायचा. हिला दार आहे आणि घर आहे डब्यासारखं बंद. हवा तोडून राख टाकली की निखारे घुसमटतात आणि विषारी वायू सोडतात. त्याला वास नाही, रंग नाही. तो धुराड्यातून वर जायचा, तर तुमच्या एक्झॉस्टनं त्याला घरात ओढला. म्हणजे हिचं नाक दाबलंत, आणि हिनं तोंड उघडलं."

आई हसली नाही. "सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," ती म्हणाली, "विस्तव विझू द्यायचा नाही. दुसऱ्याच्या दारात मागायला जायची वेळ यायला नको. साठ वर्षं मी तो सांभाळला, शरदराव."

"सांभाळलात. आता त्याला रोज मरू द्या. काडेपेटी स्वस्त आहे."

मग आमच्याकडे वळून म्हणाले, "आल्झो, तर मग, शेकोटी चालू राहील आणि मावशीच चालवतील. चूक काय झाली हे या घरात त्यांच्याइतकं कुणाला कळलंय?" अनघानं वाद घातला नाही. खिडकी उघडी नसेल तर एक्झॉस्ट सुरूच होणार नाही, असं बटण दादांनी तेवढं माणूस बोलावून बसवून घेतलं. तिकिटांचा विषय आईनं पुन्हा काढला नाही. दर वर्षी धुराडं साफ करायला काळ्या कपड्यातला माणूस येतो, तो हल्ली माझ्याशी न बोलता आईला अंगठा दाखवून जातो. आईची ही सगळी वर्षं मला दादांनी दिली. हे मी त्यांना कधी म्हणालो असतो तर त्यांनी विषय पुस्तकांवर नेला असता.

गेल्या शनिवारी मीनावहिनींनी फोन केला, तोही मला नाही, आईला. आम्ही दोघं गेलो. ते गेल्यापासून त्यांची शेकोटी पेटलेली नव्हती, दिवाणखाना गारठला होता. दादांचा चष्मा पुस्तकांच्या कप्प्यात तसाच होता. "मावशी, मला येत नाही हो," वहिनी म्हणाल्या. "चाळीस वर्षं ह्यांनीच पेटवली. तुम्हाला शिकवलं, मला कधी शिकवलं नाही."

आई लाकडं रचत होती. "मला शिकवावं लागलं," ती म्हणाली. "तुला ते पेटवून देत होते."

वहिनी येऊन तिच्याशेजारी खाली बसल्या आणि काडी त्यांनीच ओढली. जाळ काटक्यांतून हळूहळू खाली उतरला. आम्ही चहा घेतला, थोडं दादांबद्दल बोललो. बाहेर अंधारू लागलं तसा जाळ बसला. मी उठून आईचा कोट आणला.

"या तुम्ही मावशी, उशीर होईल," वहिनी म्हणाल्या. "आता बघेन मी."

आईनं शेकोटीच्या काचेतून आत पाहिलं. "निखारे आहेत अजून," ती म्हणाली आणि खुर्ची थोडी पुढे ओढून बसली. मी कोट परत खुंटीला अडकवला.