उन्हाळीचं पान

आमच्या माळावर मुरमात उन्हाळी नावाचं रोप उगवतं. वैद्य तिला शरपुंखा म्हणतात. सगळं गवत करपलं तरी ही हिरवीच, जांभळट फुलं मिरवत उभी. मुळी कुठनं पाणी ओढते, देव जाणे. मला अशाचा भरवसा वाटत नाही, म्हणून मी दर वेळी तिला तपासतो. पानाचं टोक चिमटीत धरून ओढायचं. खरी उन्हाळी असेल तर पान सरळ तुटत नाही, बाणाच्या टोकासारखं तुटतं. माणसाला असं ओढून बघता येत नाही, हीच तर अडचण आहे. शाळा माझी दुसरीत सुटली, पण ही परीक्षा कधी चुकली नाही. पोटातली पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढली की लोक औषधाला मुळी माझ्याच हातची नेतात.

काल पान ओढलं, तर वेडंवाकडं फाटलं. दुसरंही तसंच. म्हटलं, कुणीतरी मुद्दाम भलतंच बी आणून टाकलंय इथं.

बायको शेजारीच शेण्या वेचत होती. म्हणाली, "झाडाला कशाला शिव्या देताय? आणा इकडं."

तिनं ओढलं. लख्ख बाण निघाला.

"जन्मभर माझ्यावर संशय घेतलात, आता झाडावर," ती हसली. "स्वतःची बोटं थरथरतात, ती नाही दिसत?"

"वारा होता," मी म्हणालो.

वारा तर केव्हाच पडलेला होता. मुळ्या काढताना मात्र प्रत्येक रोपाचं एक पान मी मुकाट्यानं तिच्या हातात देत गेलो.