मागून खाल्लेली भाकरी

पौष लागला तरी आभाळ उघडायला तयार नव्हतं. तीन दिवस सोलापुरावर मळकट ढग गोधडी पांघरल्यासारखे बसून होते. ना पाऊस, ना ऊन. असली हवा म्हणजे कडक भाकरीची वैरीण. काल मोडली की काडकन वाजणारी भाकरी आज ओल्या पुठ्ठ्यासारखी वाकत होती. आणि गड्ड्याची जत्रा तर तोंडावर आलेली.

अक्कलकोट रोडच्या पत्र्याच्या शेडात शिवलीलानं पहाटेच चुली पेटवल्या होत्या. चार बाया थापत होत्या आणि ती सादळलेल्या भाकऱ्या बाजूला काढत होती. नवरा अण्णाराव ज्वारीच्या पिठाची पोती उतरवून घेत होता. तेवढ्यात शेडाच्या तोंडाशी धम्मप्रिया येऊन उभी राहिली, मुक्ताबाईची सून. मुक्ताबाईला जाऊन तीन महिने झाले होते.

"मावशी, चार भाकऱ्या द्या."

"आता गं? मुक्ताबाईच्या घरात भाकरी इकत न्यायची पाळी आली व्हय? पीठ संपलं का काय?"

"पीठ हाय," धम्मप्रिया म्हणाली, "खाणारं कोण न्हाय. उद्या पोरीला घेऊन मोहोळला चाललेय, माहेरी. वाटंत खायला पायजेत."

"किती दिवस?"

धम्मप्रियानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "कायमचीच. हे पितेत, मावशी. दोन वरसं झाली."

शिवलीलानं हातातली भाकरी खाली ठेवली. "दोन वरसं? म्हणजे मुक्ताबाई असताना?"

"त्यांनीच कुणाला सांगू दिलं न्हाय. म्हणायच्या, माझ्याच घरात निघालं म्हटल्यावर लोक मला दारात उभं करतील का?"

शिवलीलानं भाकऱ्या कागदात बांधून दिल्या. धम्मप्रिया गेली, आणि शिवलीला पाटावर बसली ती बसलीच.

पंधरा वर्षांमागे अण्णारावच्या गळ्यात लिंग आणि पोटात दारू असे दोन्ही एकदमच असत. तेव्हा तो चादरीच्या कारखान्यात कामाला होता. एकदा डोळे पिवळे झाले म्हणून त्याला दवाखान्यात घातलं. मुक्ताबाई तिथंच आया होती. जिन्यात बसून रडणाऱ्या शिवलीलाला तिनं एकच विचारलं होतं, "ऊटा आयतेन?" वॉर्डातल्या लिंगायत बायांशी बोलून बोलून तिनं असं मोडकंतोडकं कानडी जमवलं होतं. जेवण झालं का, एवढंच ते विचारणं. पण त्या आठवड्यात ते कोणीच विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी ही बाई दारात हजर. "भूक लागलीय. भाकरी वाढ."

शिवलीला गारच पडली. आत सासू, बसव्वा. दारूच्या भानगडीपायी सख्खे दीरसुद्धा उंबरा चढत नव्हते, आणि ही भीमनगरात वाढलेली बाई खुशाल सोप्यात मांडी घालून बसलेली. सासूनं फळीवरची जर्मनची वेगळी ताटली काढून पुढं सरकवली. शिवलीलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुक्ताबाईनं ताटलीकडं बघितलं, मग सासूकडं बघितलं, आणि म्हणाली, "ताटली कसली का असंना, भाकरी तर एकाच तव्यावरची हाय की." आणि आतल्या खोलीकडं तोंड करून हाक मारली, "ओ अण्णाराव, चटणी कोण वाढणार? पाव्हणी कोरडी भाकरी खाईल व्हय?"

तोंड लपवून पडलेला माणूस उठला. शेंगाचटणी निम्मी फरशीवर सांडली; पण त्यानं वाढली.

त्यानंतर दर मंगळवारी ती यायची. पिऊ नका, असं एकदाही म्हणाली नाही. शिवलीलानं विचारलं तर काळे दात दाखवून हसली, "मला सांगाय तोंड तरी हाय का? मीच मिश्री सोडीना." मग जरा थांबून म्हणाली, "लीले, घरात बाटली शिरली की पाव्हणा भाईर पडतो. मग तिला सगळं रान मोकळं. म्हणून मी मुद्दाम पाव्हणी हुते. घरात कोण जेवायला येणार असलं की चूल पेटवावी लागती, माणसाला अंगात सदरा घालावा लागतो."

हीच तिची रीत. करकंबला कुणाच्या घरात नवऱ्यानं ताट भिरकावलं, तर हिनं भाकरी उचलली, झटकली आणि खाल्ली. "धूळ तुझ्याच घरची हाय बाबा," म्हणाली. सगळीच घरं सावरली असं नाही. काही माणसं मेलीच. तरी ती त्यांच्या बायांकडं जेवायला जातच राहिली. अण्णाराव दोनदा घसरला, तिसऱ्यांदा टिकला. पुढं शिवलीलानं भाकरीचा धंदा काढला, त्यालाही मुक्ताबाईचंच टोचणं: "एवढी कडक भाकरी करतीस आणि मला एकटीलाच घालतीस?"

आणि गेल्या वर्षी ती म्हणाली होती, "लीले, एकदा ये की कुंभारीला. माझ्या हातचं जेवायला."

"येते की. एवढी ऑर्डर जाऊ दे."

सासू जाऊन तोवर आठ वर्षं झाली होती. जर्मनची ताटली मात्र फळीवर तशीच. पंधरा वर्षांत शिवलीला मुक्ताबाईच्या घरी एकदाही जेवली नव्हती. आधी सासूचा धाक, मग नुसतीच सवय. त्या बोलावण्यानं तिच्या मनात आलं, ही मला तपासतीय. आमच्यात खाती का न्हाय ते बघतीय. या विचाराचा तिला रागही आला आणि लाजही वाटली, आणि त्या लाजेपायी ती आणखीच टाळत गेली. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा लग्नसराई आडवी आली. तिसऱ्यांदा मुक्ताबाई हसून म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाई. तुझ्या भाकरीला सवड न्हाय." आश्विनात, ड्यूटीवरच, वॉर्डाबाहेरच्या खुर्चीत बसल्या बसल्या ती गेली. मातीला शिवलीला कुंभारीला गेली होती, पण अंगणातूनच परतली.

आणि आज कळलं. जेवायला ये, याचा अर्थ त्या बाईच्या तोंडी काय होता, हे साऱ्या सोलापुरात शिवलीलाइतकं कुणाला ठाऊक होतं? तिनं जात आठवली. आपलं घर तारणारी रीतच तेवढी विसरली.

पाटावरून ती उठली. "आलेच," एवढंच अण्णारावला म्हणाली आणि शेअर रिक्षात बसली. वीस मिनिटांत कुंभारी. जेवायला जायची जी वाट पंधरा वर्षं सरली नव्हती ती वीस मिनिटांची होती.

कामगार वसाहतीतलं दोन खोल्यांचं घर. दारात मुक्ताबाईचा मुलगा सुमित बसलेला, दाढी वाढलेली, अंगात नुसतं बनियन. तिला बघून तो धडपडत उठला.

"मावशी, तुमी? हितं?"

"भूक लागलीय," शिवलीला म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "भाकरी वाढा."

"घरात काय न्हाय ओ..."

"पीठ हाय म्हणून ऐकलंय. आणि सदरा घाल बाबा, पाव्हणी आलीय."

आतून धम्मप्रिया बाहेर आली. तिच्या हातात निम्मी भरलेली पिशवी होती. तिनं पिशवी भिंतीला टेकवली आणि गॅस पेटवला.

ताट आलं ते घरातलं सगळ्यात चांगलं, नावं घातलेलं स्टीलचं. सुमितनं सदऱ्याची बटणं वरखाली लावली होती. ठेचा वाढताना तो खालीच बघत होता.

"आई दर मंगळवारी एक भाकरी जास्त थापायची," तो म्हणाला. "मी म्हणायचो, कशाला? तर म्हणायची, लीला आली तर. तुमी तवाच यायला पायजे हुतं, मावशी."

शिवलीलानं घास मोडला. भाकरी जाड होती, मऊ होती, कडेला जरा कच्ची. तिनं ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.

उठताना ती म्हणाली, "मंगळवारी येते. हितं कोण असंल का?"

सुमितनं बायकोकडं बघितलं. धम्मप्रियानं पिशवीकडं. "मंगळवारपातुर बघते," ती म्हणाली. "त्येच्या फुडचं सांगत न्हाय."

शिवलीला परतली तेव्हाही आभाळ तसंच होतं. अण्णारावनं विचारलं, "जेवलीस काय?"

"जेवले."

"कुटं?"

"मुक्ताबाईकडं."

त्यानं चुलीत एक लाकूड पुढं सारलं. शिवलीलानं पदर खोचला, सादळलेल्या भाकऱ्यांची चवड जवळ ओढली, आणि एकेक भाकरी पुन्हा तव्यावर टाकून कापडानं दाबत राहिली.